वाचक विचारतात : शनिवारी लवंग का हुंगायची?

प्रश्न : पुण्यातल्या एका बेने इस्राएली (महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाच्या) घरी शनिवारी रात्री लवंगांची डबी हातोहात फिरवली. "जास्तीचा आत्मा गेला, म्हणून हुंगायचं," एवढंच कळलं. हा काय प्रकार? आणि लवंगेऐवजी आपली सांगलीची हळद चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागताना माणसाला एक जादा आत्मा मिळतो, शनिवारी रात्री तो परत जातो, असं ताल्मुदात, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, रेश लाकीश या पंडितांचं वचन आहे. आधार तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या 'वय्यिनाफश' या शब्दाचा. त्याचा सरळ अर्थ 'विसावला'. पण तो फोडून वाचला तर 'वय' म्हणजे हाय, आणि 'नेफेश' म्हणजे आत्मा : हाय, आत्मा गेला! अशा वेळी मागे उरलेल्याला धीर द्यायचा तो वासाने, कारण वासाचं सुख देहाला नाही, आत्म्याला मिळतं, असंही ताल्मुदच सांगतं.

शब्बाथला निरोप देण्याच्या या विधीला हव्दाला म्हणतात. तीन तारे दिसले की सुरुवात. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात दिसतात. यरुशलेमचं वेळापत्रक इथे लावू नये. क्रम ठरलेला : द्राक्षारस, सुगंध, ज्योत, शेवटी निरोपाचा आशीर्वाद. पेला किमान 86 मिलीचा (काही मतांनी 150). बेने इस्राएल घरांत द्राक्षारसाच्या जागी मनुकांचं सरबत चालत आलंय : मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून. तासगाव शेजारी असताना त्याची काय अडचण! ज्योत दोन वातींची हवी; वेगळी मेणबत्ती नसेल तर दोन काड्या एकत्र धरतात आणि बोटं किंचित मिटून नखांवर उजेड पाहतात.

आता हळद. वाळलेल्या हळकुंडाचा वास मंद, आणि पूड हुंगली तर शिंकाच येतील. वास आलाच नाही तर आशीर्वाद फुकट जातो, आणि फुकटचा आशीर्वाद हा दोष मानतात. आठ-दहा अख्ख्या लवंगा आणि बोटभर दालचिनी जरा ठेचून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. वास उडाला की बदला. दुर्गंधी झाकायला ठेवलेल्या सुगंधावर आशीर्वाद म्हणत नाहीत. हव्दाला राहून गेला तर मंगळवारच्या सूर्यास्तापर्यंत करता येतो, पण तेव्हा लवंग आणि ज्योत नाही.

प्रश्न : ज्यू लोक आत्मा आणि पुनर्जन्म मानतात का? – एक वाचक, कराड

उत्तर : आत्मा सगळेच मानतात, पुनर्जन्माबद्दल एकमत नाही. दहाव्या शतकात सादिया गाओन या ज्यू धर्मपंडितांनी तो साफ नाकारला. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकटलेल्या झोहार या गूढवादी ग्रंथाने आत्म्याचे नेफेश, रूआख, नेशामा असे थर उलगडले आणि सोळाव्या शतकात साफेद गावच्या इसहाक लुरिया या गूढवादी गुरूंच्या शिष्यांनी 'गिल्गुल' म्हणजे जन्मांतराची सविस्तर मांडणी केली. मात्र जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा तिथला हेतू नाही. अपुरी राहिलेली आज्ञा पुरी करायला आत्मा परततो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब तिथे लावू नये.

नेफेश रक्तात असतो, असं तोरा म्हणतं. म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून नीट धुतात. एवढी गूढ कल्पना शेवटी स्वयंपाकघरात येऊन टेकते!

प्रश्न : आईबाप गेल्यावर म्हणायची ज्यूंची प्रार्थना, कद्दीश, वर्षभर का म्हणत नाहीत? – एक वाचक, वाई

उत्तर : दुष्टांच्या आत्म्याला बारा महिने शासन होतं, असं मिश्ना या ताल्मुदच्या गाभ्यातल्या ग्रंथात आहे. मुलाने बाराही महिने म्हटली तर बापाला दुष्टांतच गणल्यासारखं होईल. म्हणून बहुतेक ठिकाणी अकरा महिने. प्रार्थनेत मृत्यूचा शब्दही नाही. दहा प्रौढ ज्यू जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही (सनातनी पद्धतीत पुरुषच मोजतात), त्यामुळे साताऱ्याकडच्या माणसाला पुण्यातलं लाल देऊळ किंवा रास्ता पेठेतलं, अशी दोन सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आहेत, त्यातलं एक गाठणं सोयीचं.

पुण्यतिथीला चोवीस तास दिवा मात्र घरीच लावतात. चूक होते ती तारखेत. इंग्रजी तारीख धरायची नाही. हिब्रू तिथी धरायची, आणि ती आदल्या सूर्यास्ताला लागते. त्यांच्याकडेही अधिक महिना आहे, 19 वर्षांत 7 वेळा, पण तो नेहमी अदार हाच महिना.