राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात तुमची 11 वर्षं झाली. एकूण पगार महिना 16,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000. ऑर्डरी घटल्यामुळे मालक काही कामगारांना कमी करत आहेत आणि म्हणतात, "राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच देतो." पतसंस्थेचं 1,10,000 रुपयांचं कर्ज 14 टक्क्यांनी चालू आहे. पीएफ काढून ते फेडावं आणि सरकारी बेरोजगारी भत्त्यावर घर चालवावं, असा तुमचा विचार आहे.

भत्ता मिळू शकतो. पण कोणता आणि किती, हे त्या राजीनाम्यावर ठरणार आहे. म्हणून सगळ्यात आधी: सही करू नका.

राज्य सरकारच्या महास्वयंम् रोजगार पोर्टलवर नाव नोंदवलं की दरमहा पाच हजार मिळतात, असे मेसेज फिरत असतात. ती नोंदणी नोकरी शोधण्यासाठी आहे, तिच्यामुळे भत्ता सुरू होत नाही. तुमचा हक्क आहे तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत. पगारातून दरमहा 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो, त्यातून.

तिथे दोन योजना आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. कारखाना बंद पडला किंवा कायद्याने कामगार कपात झाली आणि त्याआधी किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असली, तर पहिले 12 महिने सरासरी रोजच्या पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के भत्ता मिळतो. त्या काळात तुम्हाला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचारही चालू राहतात. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 ची. ती आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस, 50 टक्के दराने.

आता आकडे. अटल योजनेत मागच्या चार वर्गणी-काळांचा, म्हणजे दोन वर्षांचा पगार 730 ने भागतात. 3,84,000 भागिले 730 म्हणजे रोजचे 526, त्याचे निम्मे 263. नव्वद दिवसांचे झाले साधारण 23,670 रुपये. श्रमिक कल्याण योजनेत याच दराने पहिल्या वर्षी सुमारे 96,000 आणि दुसऱ्या वर्षी 48,000, म्हणजे दोन वर्षांत जवळपास 1,44,000. राजीनामा दिलात तर कपात झालीच नाही असं कागदावर ठरतं आणि ही मोठी रक्कम जाते. अटल योजनेतही स्वेच्छानिवृत्ती, वयोमानानुसार निवृत्ती आणि गैरवर्तनाबद्दल काढलेले कामगार बसत नाहीत, त्यामुळे "स्वखुशीने" हा शब्द तिथेही आडवा येऊ शकतो.

शिवाय कपात केली तर मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई. तुमच्या बाबतीत ढोबळ मानाने 16,000 अधिक 88,000. ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते: 12,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 11, म्हणजे 76,154. मालक "लगेच देतो" म्हणतात तो हिशेब बहुधा एवढाच असेल. एरवीही तो तुमचाच आहे. त्याच्या बदल्यात लाखभराची भरपाई आणि दोन वर्षांचा भत्ता सोडणं मला अजिबात पटत नाही.

सही नाकारल्यावर दुसऱ्या दिवसापासून गेटवर अडवलं, तर घरी बसून राहू नका. "मी कामावर यायला तयार आहे, मला कामावर घेतलं जात नाही" असं तारखेसह पत्र स्पीड पोस्टने पोचपावती घेऊन पाठवा आणि त्याची प्रत सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या. हिशेबाच्या व्हाउचरवर कोरी जागा ठेवून सही करू नका. कपातीचं पत्र मागा, त्यात शेवटची तारीख आणि कारण दोन्ही हवं.

एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मालक ईएसआयची मासिक वर्गणी भरतो तेव्हा काम सुटण्याच्या कारणाचा कोड टाकतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कपात. हातात कपातीचं पत्र आणि पोर्टलवर कोड 2, असं झालं की अर्ज अडकतो. म्हणून कारखान्यातल्या क्लार्कला आधीच गाठून हे पक्कं करा.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाण्यापूर्वी पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करून भरलेले दिवस बघा. वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. अटल योजनेसाठी ईएसआय लागू असलेली दोन वर्षांची नोकरी लागते. बेकारीच्या लगत आधीच्या काळात 78 दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात 78 दिवस वर्गणी हवी. पगारातून कापलं पण दिवस कमी दाखवले असतील, तर पगारपत्रकं हाच पुरावा. आधारवरचं नाव ईएसआयच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळतं का तेही पाहा. आपल्याकडे पद्मशाली घरांतल्या तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं, आणि तिथेच गाडी अडते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर शाखेचा आयएफएससी कोड नवा टाका.

अटल योजनेचा अर्ज काम सुटल्यावर 30 दिवसांनी ऑनलाइन करायचा. त्याची सही केलेली प्रत, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स शाखेत द्यायची. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून तुमच्या तारखेला ती लागू आहे का ते तिथेच विचारा. तुम्ही मात्र कपातीचं पत्र घेऊन आधी श्रमिक कल्याणचा अर्ज द्या. एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत, आणि आयुष्यात एकदाच मिळणारी योजना घाईत खर्चू नये. मध्येच नवं काम मिळालं तर ते बिनधास्त घ्या. 24 महिने हे तुकड्यातुकड्यानेही घेता येतात, फक्त एक तुकडा महिन्यापेक्षा लहान नको.

राहिला पीएफ. 14 टक्क्यांचं कर्ज आणि पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज, हे पाहता कर्ज फेडावं हा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त पैसा चुकीच्या खिशातून काढताय. नोटीस पगार, भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून 1,80,000 होतात. त्यातून कर्ज मिटतं आणि 70,000 हाती उरतात. महिन्याचा सुमारे आठ हजारांचा भत्ता आणि त्यात घरी विड्या वळून काही कमाई होत असेल तर ती, यावर घर चालवा. भरपाई लांबली तरच पीएफमधून हप्त्यांपुरती रक्कम काढा. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं आहे की 75 टक्के रक्कम लगेच काढता येईल आणि पूर्ण खातं 12 महिन्यांच्या बेकारीनंतर रिकामं करता येईल. पेन्शनच्या भागाला हात लावायचा प्रश्नच नाही: नोकरी 10 वर्षांपुढे गेल्यामुळे तो काढता येत नाही, 58 व्या वर्षापासून पेन्शन मिळते. पुढे नवी नोकरी लागली तर हेच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, तिथे द्या, दुसरं काढू नका.