अंदाज घाटाचा, फवारणी शिरोळात

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांत निम्मे हवामानाचे आहेत. त्यातले तीन घेतो.

प्रश्न (ता. शिरोळ, सोयाबीन): मोबाईलवर कोल्हापूरला ऑरेंज अलर्ट दाखवला. दुकानदार म्हणाला, पाऊस लागला की तांबेरा येणार, आजच मारून घ्या. तीन औषधं एकत्र करून मारली. पाऊस आलाच नाही, पानांच्या कडा मात्र करपल्या. हवामान खात्यावर विश्वास ठेवायचा कसा?

उत्तर: पाऊस आला होता, पण घाटात. इशारा 'कोल्हापूर घाट' असा होता. हवामान खातं आपल्या जिल्ह्याचा घाट वेगळा दाखवतं, कारण एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळला ५०० च्या आसपास. समुद्रावरचं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि तिथंच रिकामं होतं. तुमच्यापर्यंत येतात ते उरलेले ढग. डोंगराळ मुलखात हे सगळीकडेच असतं. हिमाचलमध्ये मैदान, मधले डोंगर आणि उंच डोंगर यांचा अंदाज वेगवेगळा देतात. आल्प्समध्ये हिमकडे कोसळण्याचा इशारा देताना उंची आणि उताराची दिशासुद्धा सांगतात. आपण मात्र 'कोल्हापूर' एवढंच वाचतो आणि पंप भरतो.

आता औषधाचं. अलर्ट बघून तांबेऱ्याचं, म्हणजे या बुरशी रोगाचं, औषध मारू नका. पुन्हा सांगतो, अलर्ट बघून औषध मारायचं नसतं. अलर्ट पावसाचा असतो, रोगाचा नव्हे. आधी शेतात जा, खालची पानं उलटी करा आणि पांढऱ्या रुमालावर घासा. विटकरी भुकटी उठली तर तांबेरा. भुकटी नाही आणि फक्त कडा करपलेल्या असतील, तर ते तुमच्याच पंपातून आलंय. फोटोत मला तेच दिसतंय. असे प्लॉट मी कितीतरी पाहिलेत. दरवेळी विचारलं की उत्तर एकच, 'दुकानदारानं सांगितलं, पाऊस आहे तर डोस जरा वाढवा.' पावसात धुऊन जाईल म्हणून डोस वाढवायचा, हा हिशेब कुठल्याही पुस्तकात नाही. जे धुऊन जायचं ते दुप्पट टाकलं तरी धुऊन जातं, आणि पाऊस नाही आला तर दुप्पट औषध पानावर बसतं.

पहिले ठिपके दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ टक्के किंवा हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, दोन्हींपैकी एकच, लिटरला १ मिली. १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. झाकणानं मोजू नका, मापानं मोजा. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं म्हणून त्याचं प्रमाण जास्त सांगतात. तेच प्रमाण साध्या पंपात ओतल्यानं निम्मे घोटाळे होतात. सोबत टॉनिक, सोबत विद्राव्य खत, सोबत कीटकनाशक, असं काही मिसळू नका. आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून काम करणाऱ्या, औषधाला फवारणीनंतर तीन-चार तास कोरडे मिळाले पाहिजेत. पान दवानं ओलं असताना नको, वारं सुटल्यावर नको. त्यासाठी खात्याचा पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज बघा. पुढच्या हंगामात सोयाबीनचे फुले संगम किंवा फुले किमया हे वाण पेरा, तांबेऱ्याची निम्मी काळजी तिथंच मिटते.

प्रश्न (ता. कागल, आडसाली ऊस): ॲपवर उद्या ६० टक्के पाऊस दाखवतंय. आज युरिया फेकला तर पाऊसच मुरवेल ना? शेजारी सगळे तसंच करतात.

उत्तर: ६० टक्के म्हणजे ६० मिमी नव्हे, आणि ६० टक्के शिवारावर पाऊस असंही नव्हे. अशा दहा दिवसांत साधारण सहा दिवस पाऊस होतो, चार दिवस होत नाही. किती पडेल ते त्यात नाही. त्यासाठी शब्द वाचा. हलका म्हणजे दिवसाला १५.५ मिमीपर्यंत, मध्यम ६४.४ पर्यंत, त्यावर जोरदार, ११५.५ च्या वर अतिजोरदार. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर, 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. 'तुरळक ठिकाणी जोरदार' हे वाचून कागलच्या सगळ्या शेतकऱ्यांनी युरिया फेकायचं कारण नाही.

जोरदार पावसाच्या आदल्या दिवशी फेकलेला युरिया ओढ्यात जातो. पाऊस नाही आला तर उघड्यावर उडून जातो. दोन्हीकडून पोतं तुमचंच गेलं. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर, सरीत पेरून मातीआड करा. 'पावसाआधी दोन पोती जास्त घ्या' म्हणणाऱ्याला विचारा, माती परीक्षण कुणी केलं?

ॲपबद्दल आणखी एक. बरीच ॲप युरोपच्या किंवा अमेरिकेच्या हवामान मॉडेलचे आकडे दाखवतात आणि त्यांचा एकेक चौकोन ९ किंवा १३ किलोमीटरचा असतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं २०२५ मध्ये दिलेलं भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरवर आलंय. तरी तुमचं शिवार त्या चौकोनापेक्षा लहानच. शिवाय युरोपात पावसाची फळी लांबून चालत येते, दोन दिवस आधी दिसते. आपला वळीव दुपारी डोक्यावर तयार होतो आणि संध्याकाळी मोकळा होतो. म्हणून मंगळवार आणि शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला वाचा, 'मेघदूत' ॲप ठेवा, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ठेवा.

आणि पर्जन्यमापक लावा. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि सांगत राहणार. महागडं यंत्र नको. सरळ काठाचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा, झाडापासून आणि घरापासून लांब, आणि एक पट्टी. रोज सकाळी ८.३० ला मोजा, वहीत लिहा. १ मिमी म्हणजे एकराला जवळपास ४००० लिटर पाणी. पेरणीआधी ही वहीच सांगेल की पेरणीला लागणारा ८० ते १०० मिमी पाऊस झाला का. चावडीवरची 'लई पाऊस झाला' ही बातमी सांगणार नाही. करवीरच्या एका मळ्यात अशी अकरा वर्षांची वही आहे, पानं तेलकट झालीत, पण कुठल्या नक्षत्रात किती पडला ते बोट ठेवून दाखवतात. विम्याला तुमची वही चालत नाही, हे खरं. १ रुपयाचा विमा बंद आहे, सोयाबीनला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के हप्ता, शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी हवीच. बाकीचं सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा.

प्रश्न (ता. शिरोळ, नदीकाठ): आमच्याकडं चार दिवस ऊन आहे. नदीवरची पाण्याची मोटार काढायची गरज आहे का?

उत्तर: तुमच्याकडचं ऊन बघू नका. राधानगरी आणि कोयना धरणांचं पाणलोट बघा. घाटात अतिजोरदारचा इशारा दोन दिवस टिकला आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले, की पाणी तुमच्याकडं निघालं म्हणायचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ३९ ची वाट बघत बसू नका, २०१९ आणि २०२१ मध्ये वाट बघणाऱ्यांच्याच मोटारी गाळात सापडल्या. पातळी रोज फुटानं वाढतेय हे दिसलं की दिवसाउजेडी मोटार वर घ्या. आधी फ्यूज काढा, मग स्टार्टर पेटी सोडवा, केबल गुंडाळून मोटारीबरोबरच न्या.