नौदलातल्या अधिकाऱ्याला राजीनामा देऊन घरी येता येतं का?

तुम्ही विचारलंय: धाकटा भाऊ कारवारच्या तळावर नौदलात अधिकारी आहे, नोकरी ९ वर्षांची, खानापूरला वडील अंथरुणाला खिळलेत, खाजगी कंपनीसारखी तीन महिन्यांची नोटीस देऊन त्याला सुटता येईल का?

नाही. मी नौदलातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन बेळगावात राहायला आलो, म्हणून स्पष्ट सांगतो. अधिकाऱ्याचा राजीनामा ही विनंती असते. १९५७ च्या नौदल कायद्याप्रमाणे परवानगी मिळेपर्यंत तो सेवेतच असतो. 'सिंधुरत्न' पाणबुडीवरच्या अपघातानंतर २६ फेब्रुवारी २०१४ ला नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशींनी राजीनामा दिला, तोही सरकारला मंजूर करावा लागला. त्यांचा त्याच दिवशी झाला. तुमच्या भावाला महिनोन्महिने थांबायची तयारी ठेवावी लागेल.

पण त्याआधी एक गोष्ट बघा, ती सगळ्यांत महत्त्वाची: त्याचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, कायम आहे की शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची? तुमचा भाऊ लागला त्या काळात शॉर्ट सर्व्हिसची पहिली मुदत बहुतेक शाखांत १० वर्षांची असायची, पुढे ती १४ पर्यंत वाढवता येते. तसं असेल तर राजीनाम्याच्या वाटेला जाऊच नये. वर्षभर कळ काढावी आणि मुदतवाढ घेऊ नये. मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला माजी सैनिक ठरतो. पेन्शनआधी स्वतःहून सोडून आलेल्याला तो दर्जा मिळत नाही. आपल्या भागात माजी सैनिकाचं ओळखपत्र म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

कायम कमिशन असेल तर पेन्शनसाठी २० वर्षं लागतात. ९ वर्षांवर सोडलं की पेन्शन गेली. तरीही सोडायचंच असेल तर अर्ज कमांडिंग ऑफिसरमार्फत जातो. ते समोर बसवून विचारतात, आपला शेरा लिहितात, मग कागद वरच्या कार्यालयांतून दिल्लीला पोचतात. कारण खरं आणि नेमकं लिहावं. आजार कोणता, घरी बघायला दुसरं कोण आहे, तुम्ही स्वतः कुठे असता, सगळं. तहसील कचेरीचे दाखले कन्नडमध्ये मिळतील. त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा, कारण दिल्लीत ते कन्नड कोण वाचणार? हॉस्पिटलचे कागदही तारखेवार लावा.

मला विचाराल तर आधी घरच्या अडचणीचं कारण देऊन कारवारलाच ठेवण्याची विनंती करावी आणि मोठी रजा मागावी. रामनगर, जोयडावरून अनशी घाट उतरलं की कारवार. गोवा सोडलं तर खानापूरच्या माणसाला याहून जवळ नौदलाचा दुसरा मोठा तळ नाही. वडिलांचं दुखणं आणि मुलाची नोकरी, दोन्ही सांभाळायची हीच वाट मला दिसते.

आणि सुटकेचा आदेश हातात पडेपर्यंत ड्यूटी एक दिवसही चुकवायची नाही. अर्ज दिलाय म्हणून घरी येऊन बसला तर तो बिनरजेचा गैरहजर ठरतो, त्यावर कोर्ट मार्शल होऊ शकतं. गावाकडचे नातेवाईक 'ये रे निघून' म्हणतील, वडीलही म्हणतील. तेव्हा घरात समजावून सांगायचं काम तुमचं.