लिटर बिअरचे मोजू नका, वजन माल्टचे मोजा

मॅश टनसाठी केवढा कूलर घ्यावा, या एकाच विषयावरची पत्रे गेले काही महिने इतकी येत आहेत की त्यांतली निवडक एकत्र उत्तरासाठी घेतली आहेत. मॅश टन म्हणजे भरडलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात तासभर ठरावीक तापमानाला मुरत ठेवण्याचे पिंप. त्या तासात धान्यातल्या पिष्टाची साखर होते आणि जो गोड अर्क खाली उतरतो त्याला वर्ट म्हणतात. कूलर म्हणजे येथे दुहेरी भिंतीची, बर्फ किंवा पाणी ठेवायची पेटी. हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण निपाणीच्या एका वाचकाने वाळ्याच्या पडद्यांची चौकशी केली होती.

प्रश्न : घरच्या घरी पिण्यापुरती बिअर करायची आहे. १० लिटरचा कूलर पुरेल का? (चिकोडी)

उत्तर : परवान्याशिवाय करू नका. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे बिअर हे मद्यच आहे आणि ते विनापरवाना तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते विकायचे असो वा नसो. ‘घरापुरते चालते’ हे कट्ट्यावरचे ज्ञान आहे. शंका असेल तर अबकारी कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारा, कूलरच्या दुकानात नव्हे. पुढची उत्तरे ज्यांची मुलेबाळे हा छंद कायदेशीर असलेल्या देशांत आहेत त्यांच्यासाठी आणि न आंबवलेल्या माल्ट अर्काचे प्रयोग करणाऱ्यांसाठी आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो. त्याला एका वेळी २० लिटर बिअर करायची आहे. इथून जाताना २० लिटरचा कूलर घेऊन जावा का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : जवळपास सगळ्या पत्रांतला गोंधळ हाच आहे. इंग्लंडात स्वतःच्या घरी पिण्यासाठी केलेल्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे चिरंजीवांनी खुशाल करावी. मात्र २० लिटर हा आकडा शेवटी बरणीत उतरणाऱ्या बिअरचा आहे, कूलरमध्ये जे भरायचे त्याचा नव्हे. कूलरमध्ये जाते ते माल्ट आणि पाण्याचा पहिला हप्ता (दुसऱ्या हप्त्याने नंतर चोथ्यात उरलेली साखर धुऊन काढतात), म्हणून हिशोब माल्टच्या वजनापासून सुरू करावा. नेहमीच्या मध्यम ताकदीच्या, म्हणजे आंबवण्यापूर्वी घनता (पाण्याची १ धरून) १.०५० असलेल्या २० लिटर बिअरला, निम्म्याहून बरेच अधिक म्हणजे ७० टक्के सत्त्व हाती लागते असे धरले तर, पावणेपाच ते पाच किलो माल्ट लागते. दर किलोला ३ लिटर पाणी धरले की १५ लिटर पाणी झाले. कोरडे माल्ट पाण्यात पडल्यावर किलोमागे साधारण पाऊण लिटराला थोडी कमी, म्हणजे ०.६७ लिटर जागा अडवते. पाच किलोंचे सव्वातीन ते साडेतीन लिटर धरा. एकूण मिश्रण १८ लिटरांच्या वर जाते. २० लिटरच्या कूलरमध्ये ते बसेल, पण ढवळताना काठावरून सांडेल आणि जरा कडक बिअर करायची म्हटली की जागा संपेल. घनता १.०८० ची बिअर केली तर माल्ट साडेसात किलोंच्या पुढे जाते आणि मिश्रण २८ लिटरांच्या घरात पोचते. काही जण चोथा वेगळ्या पाण्याने न धुता सगळे पाणी एकदमच घालतात. मग साध्या बिअरलाही ३३ लिटर जागा हवी, कारण चोथा किलोमागे सुमारे एक लिटर पाणी पिऊन बसतो आणि उकळताना आणखी तीन-चार लिटर वाफेत जातात.

म्हणून २० लिटर बिअरसाठी ३५ ते ४० लिटरचा कूलर योग्य. तिकडे १० अमेरिकी गॅलनचा, म्हणजे जवळपास ३८ लिटरचा, सहज मिळतो. येथून नेऊ नका. विमानात सामानाचे पैसे कूलरच्या किमतीहून अधिक होतील.

प्रश्न : आमचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९७ दाखवतो. तो बिघडला आहे का? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळते.

प्रश्न : महाविद्यालयात माल्ट अर्काचा प्रकल्प आहे, आंबवणे नाही. मंडपवाल्याकडे २० लिटरचे पाण्याचे कॅम्पर आहेत. विक्रेता म्हणतो, ‘त्यात गरम चहासुद्धा दिवसभर राहतो.’ ते नसतील तर माशांची थर्मोकोलची पेटी घेऊ का? (खानापूर)

उत्तर : ‘गरम चहासुद्धा राहतो’ हे वाक्य ऐकून मी थकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कॅम्पर बनतो गार पाण्यासाठी. त्याच्या अंगावर ‘इतके तास थंड’ असे छापलेले असते. ‘इतक्या अंशांपर्यंत गरम चालेल’ असे छापलेले मला क्वचितच दिसले आहे. चहा किटलीतून ओतेपर्यंत निवलेला असतो आणि तो कॅम्परमध्ये कोणी ढवळत बसत नाही. मॅशचे पाणी ७२ ते ७५ अंशांचे असते, आत पाच किलो ओले धान्य दाबून बसलेले असते, वरून लाकडी पळीने ढवळणे चालू असते आणि हे सगळे तासाहून अधिक काळ एकाच नळावर तोललेले असते.

काही वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकासाठी आम्ही असाच उसना कॅम्पर वापरला. अर्ध्या तासाने आतला पांढरा प्लास्टिकचा पत्रा एका बाजूने फुगला, तळहाताएवढा फोड आला आणि नळाभोवतीची रबरी चकती मऊ पडून थेंब गळू लागले. शहाबादी फरशीवर चिकट ओघळ, त्यावर मुंग्यांची रांग, आणि एक विद्यार्थी नळ आवळायला हात पुढे करतो आहे, हे दृश्य मी अजून विसरलेलो नाही. ७० अंशांचे पाणी अंगावर पडले तर सेकंदाच्या आत कातडी भाजते. त्या मुलाला मी वेळेवर मागे ओढले, एवढेच.

प्लास्टिक वितळते असे मी म्हणत नाही. चांगले एचडीपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार) आणि पॉलिप्रॉपिलीन हे तापमान सोसतात. प्रश्न असतो पातळ पत्र्याचा, जोडाचा, आतल्या फोमचा आणि नळाच्या चकतीचा. तळाशी त्रिकोणात २ असेल तर एचडीपीई आणि ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, हे ठीक आहे, पण तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो. अन्नाला चालते की नाही, गरम चालते की नाही, हे सांगत नाही. विक्रेते तोच त्रिकोण दाखवून ‘फूड ग्रेड’ म्हणतात, ही शुद्ध चलाखी आहे. अन्नसंपर्कातल्या पॉलिथिलीनसाठी भारतीय मानक आयएस १०१४६ आहे. त्याचा उल्लेख आणि कमाल तापमान उत्पादकाकडून लेखी मागा. लेखी मिळाले नाही तर तो कॅम्पर लग्नातल्या पंगतीतच शोभतो. थर्मोकोलच्या पेटीबद्दल एकच सांगतो : ते पॉलिस्टायरिन असते, उकळत्या पाण्याच्या जवळपास मऊ पडते, त्यात बोटाने खळगा पडतो आणि माशांचा वास कधीही जात नाही. नको. प्रकल्पाला हात घालण्यापूर्वी आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना हे पत्र दाखवा.

प्रश्न : जावईबापू अमेरिकेत असतात. त्यांनी ‘पुढे लागेल’ म्हणून १०० क्वार्टचा चौकोनी कूलर घेतला, पण तासाभरात तापमान पाच-सहा अंश उतरते. कूलर खराब आहे का? (बेळगाव छावणी)

उत्तर : कूलर बहुधा ठीक असेल, अंदाज चुकला आहे. क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा किंचित लहान माप, तेव्हा १०० क्वार्ट म्हणजे सुमारे ९५ लिटर. त्यात १८ लिटर मिश्रण म्हणजे पाचवा हिस्साही भरत नाही. वरच्या रिकाम्या हवेत आणि थंड भिंतींत उष्णता जाते. भर म्हणून बऱ्याच कूलरांचे झाकण आतून पोकळच असते, भिंतीतला फोम तिथे नसतो, आणि ‘पाच दिवस बर्फ राहतो’ असे सांगणारा हे सांगत नाही. रुंद पेटीत माल्टचा थरही पातळ होतो, मग धुण्याचे पाणी त्यातून वाट काढून निघून जाते आणि साखर मागेच राहते.

आता घेतलाच आहे तर उकळत्याहून थोडे कमी गरम पाणी १० मिनिटे आत ठेवून ओतून द्यावे, नंतर माल्ट घालावे आणि मिश्रणाच्या पृष्ठभागावर फॉइल अंथरून मग झाकण लावावे. माल्ट २५ अंशांवर असेल आणि ६७ अंश हवे असतील, तर किलोमागे ३ लिटर या प्रमाणात पाणी ७३ अंशांचे लागते. हिवाळ्यात माल्ट १२ अंशांवर असेल तर ७४ ते ७५. एक-दोन अंश उतरले तर काळजी नको. पाच-सहा उतरत राहिले तर लहान कूलर घ्यावा आणि हा सहलीला न्यावा.

प्रश्न : गोल की चौकोनी? (निपाणी)

उत्तर : ३८ लिटरपर्यंत गोल. थर खोल बसतो आणि तळाशी चोथा अडवणारी जाळी सहज बसते. घेताना नळ तळापासून किती उंचीवर आहे ते बोटाने मोजा, कारण नळाखाली राहणारे एक-दोन लिटर हाती येत नाहीत.

प्रश्न : बेळगावात बिअरचा छोटा कारखाना आणि हॉटेल काढायचे आहे. चाचणीसाठी किती लिटरचा कूलर घ्यावा? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : एकही नाही. चाचणीच्या बिअरलाही परवाना लागतो आणि कारखान्याचे पिंप स्टीलचे, वाफेवर तापणारे असते. त्याचा आकार अभियंता ठरवतो. परवान्याचे काम आधी सुरू करा. ‘जागा भाड्याने घेतली, आता परवाना बघू’ असे सांगणारे तीन जण गेल्या वर्षभरात माझ्याकडे आले आणि तिघेही भाडे भरत बसले आहेत.

प्रश्न : भाचा लंडनला असतो, खोली एवढीशी. कूलर ठेवायला जागा नाही. १५ लिटरचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले आहे. त्याला आपली वाकळ गुंडाळून काम भागेल का? (येळ्ळूर)

उत्तर : भागेल, आणि मला हा प्रश्न सगळ्यांत शहाणपणाचा वाटला. त्या पातेल्यात साडेतीन किलो माल्ट आणि साडेदहा लिटर पाणी मिळून १३ लिटरच्या आत बसते, आणि त्यातून मध्यम ताकदीची १४ ते १५ लिटर बिअर होईल. धुण्याचे पाणी मात्र दुसऱ्या भांड्यात तापवावे लागेल. दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून पाहण्याची सवय त्याने सोडावी; थर्मामीटरची दांडी झाकणातून आत घालावी, आणि शेवटी आयोडीनच्या थेंबाने तपासावे. थेंब निळा-काळा झाला तर पिष्ट उरले आहे, आणखी पंधरा मिनिटे थांबावे. तपासलेला थेंब परत पातेल्यात टाकू नये. वाकळ गॅस बंद करून, पातेले खाली उतरवल्यावरच गुंडाळावी.