हॉन्टेड मॅन्शनमधले पुतळे आपल्याकडे वळून कसे बघतात? मंडळाच्या देखाव्यात तसं करता येईल का?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या हॉन्टेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या राईडमध्ये भिंतीतले दोन पुतळे माणूस जाईल तिकडे तोंड वळवतात आणि पुढे स्मशानात एक तुटका पुतळा गातो, तर आत कुठल्या मोटर असतात, आणि ऐरोलीतल्या तुमच्या मंडळाच्या ‘भुताखेतांमागचं विज्ञान’ या देखाव्यात ते जमेल का. मी ठाण्यात देखाव्यांची फायबरची कामं करतो, त्यामुळे करणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

तोंड वळवणाऱ्या पुतळ्यांत मोटर नाही. खरं तर तिथे पुतळाच नाही. भिंतीत बसवलाय तो पोकळ चेहरा, आपल्या कारखान्यात साचा उघडल्यावर आतून दिसतो तसा. नाक तुमच्याकडे आलेलं नसतं, भिंतीत आत गेलेलं असतं. पण जन्मल्यापासून आपण बाहेर आलेलीच नाकं बघत आलोय. आत गेलेला चेहरा असू शकतो हे मेंदू मानायलाच तयार होत नाही, तो खड्ड्याचा उंचवटा करून टाकतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी या भ्रमावर बरंच काम केलं. त्यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट ही, की चेहरा पोकळ आहे हे पक्कं ठाऊक असूनही तो पोकळ दिसत नाही. तोच साचा खाली डोकं वर हनुवटी असा धरला, की मात्र भ्रम बराच ढिला पडतो, कारण उलट्या चेहऱ्याची आपल्याला सवय नाही.

आता वळण्याचं. पोकळ चेहऱ्यात नाकाचा शेंडा तुमच्यापासून सगळ्यात लांब असतो, कडा सगळ्यात जवळ. ठाणे-वाशी लोकलमधून पारसिकचा डोंगर गाडीबरोबर येतोय असं वाटतं आणि रुळाकडेचे खांब मागे पळतात ना, इथेही तेच होतं: तुम्ही उजवीकडे सरकलात की कडांच्या मानाने नाक उजवीकडे सरकतं. मेंदूने तर नाक पुढे आहे हे आधीच ठरवून टाकलंय. पुढे आलेलं नाक उजवीकडे सरकलं, याचा त्याला एकच अर्थ लागतो, चेहरा तुमच्याकडे वळला. म्हणून दहा माणसं दहा ठिकाणी उभी असली तरी प्रत्येकाला तो आपल्याकडेच बघताना दिसतो. हे कुठल्याही मोटरला जमायचं नाही. आपल्या हलत्या देखाव्यांत वायपरची मोटर लावून मान फिरवतात ती सगळ्यांसाठी एकाच वेळी एकाच बाजूला फिरते, वर आवाज येतो आणि शेवटाला झटका बसतो. भुताला झटका बसला की भीती गेली.

करायचं कसं? भारदस्त माणसाचा शांत चेहरा निवडा, दात विचकलेला नको. साच्यात फायबरचा पातळ थर द्या, रंग घालू नका, म्हणजे पाठीमागून सोडलेला मंद उजेड त्यातून झिरपेल आणि सावल्या कमी पडतील. समोरून दिवा मारायचा मोह कितीही झाला तरी मारू नका. पुढूनच उजेड द्यावा लागला तर खालून द्या. पोकळ चेहऱ्यावर खालून पडलेला उजेड, भरीव चेहऱ्यावर वरून पडल्यासारखा दिसतो आणि मेंदूचा गैरसमज आणखी पक्का होतो. चेहरा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला, काळ्या कापडाच्या कोनाड्यात बसवा. मुख्य म्हणजे दोरी लांब बांधा. जवळून दोन्ही डोळ्यांना खोली कळते आणि खेळ उघडा पडतो. एक डोळा मिटला की जवळूनही फसायला होतं, त्यामुळे मोबाईलच्या व्हिडिओत हा पुतळा प्रत्यक्षापेक्षा जास्त भेदक दिसेल. आधी घरी पडताळायचं असेल तर स्टेशनरीच्या दुकानातला प्लॅस्टिकचा मुखवटा आतल्या बाजूने बघा. गौरीचे मुखवटेही मागून पोकळ असतात, पण ते या कामाला आणू नका. ज्या मुखवट्याला हळदकुंकू लागतं त्याला भुताच्या कोनाड्यात बसवणं मला पटत नाही, आणि ऐरोलीतल्या आज्यांनाही पटणार नाही.

गाणारा पुतळा हे वेगळंच प्रकरण आहे. स्मशानाच्या देखाव्यात संगमरवरी वाटणारे पाच अर्धपुतळे आहेत, त्यांतला मान मोडून आडवा पडलेला तुम्ही म्हणताय तो. बरेच जण त्याला वॉल्ट डिस्ने समजतात, मिशीमुळे. तो थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट, खर्जातल्या आवाजासाठी ओळखला जाणारा गायक. गाताना त्याच्या चेहऱ्याचं चित्रण केलं आणि ते कोऱ्या पुतळ्यावर पाडलं. राईड सुरू झाली ती 9 ऑगस्ट 1969 ला, तेव्हा त्यासाठी फिल्म चालवावी लागायची. आज तुमच्याकडे छोटा प्रोजेक्टर असला की झालं. अडचण एकच, गाणाऱ्याची मान जराही हलता कामा नये. पुतळ्याचं नाक जागेवर आणि प्रोजेक्टरचं नाक गालावर, असं झालं की लोक हसतात. डोकं मागे टेकवून, पट्ट्याने धरून चित्रण करा आणि पुतळा शक्यतो त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून घडवा.

ती राईड रचणाऱ्यांतही मतभेद होते. क्लॉड कोट्सना वातावरणाची भीती हवी होती, मार्क डेव्हिसना गंमत. शेवटी सुरुवात भीतीची झाली आणि शेवट धमालीचा. तुम्हीही टक लावणारा चेहरा आधी ठेवा, गाणारा नंतर. उलटं केलंत तर हसून आलेला माणूस पुन्हा घाबरत नाही.

तुमच्या विषयासाठी मी आणखी एक आग्रहाने सुचवेन. बाहेर पडायच्या वाटेवर त्याच चेहऱ्याचा दुसरा साचा भरपूर उजेडात, हात लावता येईल असा ठेवा. पोरांना नाकाच्या खड्ड्यात बोट घालू द्या, मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून परत बघायला सांगा. हातांनी खड्डा चाचपल्यावरही तो चेहरा त्यांच्याकडे वळेल. भूत म्हणजे काय हे सांगायला त्यानंतर फलकावर फार मजकूर लागणार नाही.

साचा पेणहून आणणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी जाऊन या. नंतर तिथे डोळ्यांची आखणी चालू असते, आणि आखणीला बसलेल्या माणसाला मध्येच उठवून साचे दाखवायला सांगणं बरं नव्हे.