‘मनाचे आहे’ म्हणजे खोटे नव्हे

प्रश्न : दवाखान्यात माझा रक्तदाब १५०/९५ भरतो, घरी मात्र १२८/८० असतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, हे सगळे मनाचे आहे.’ मग गोळी घ्यावी का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : मुलाचे निरीक्षण बरोबर असले, तरी त्यावरून ‘काहीच झालेले नाही’ असे समजू नये. दवाखान्यात बसल्यावर मनात धास्ती भरते, ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढते, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब खरोखरच चढतो. अशांपैकी काहींचा दाब पुढे कायमचा वाढतो. म्हणून सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा दाब मोजावा. पहिला दिवस सोडून उरलेल्या नोंदींची सरासरी काढावी. घरच्या मापासाठी १३५/८५ ही मर्यादा मानतात. ती वही डॉक्टरांना दाखवून मगच गोळीचे ठरवावे.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाल्यापासून तीन वर्षे त्यांचे सारे मीच करते. हल्ली भाजी चिरताना कापले, तरी जखम लवकर भरत नाही. रक्तातील साखर ठीक आहे. हा ताणाचा परिणाम असेल का? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : असू शकतो. अमेरिकेत ओहायो येथे जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तेवढ्याच इतर स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि जखम भरण्याची सुरुवात करून देणारी प्रथिने कमी स्रवतात. अभ्यास लहान होता, हे खरे. पण तुमची तक्रार कल्पनेतली नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. रक्तक्षय आणि आहारातील प्रथिनांची कमतरताही तपासून घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आठवड्यातील काही ठरलेल्या वेळा घरातील दुसऱ्या कोणीतरी सासूबाईंजवळ थांबलेच पाहिजे. तुम्ही उपकार मागत नाही आहात. हे उत्तर घरातील सर्वांना वाचायला द्या.

प्रश्न : मधुमेहाची गोळी वरचेवर विसरते. (दुकानदार, लातूर)

उत्तर : इच्छाशक्तीला दोष देऊ नका. गोळी एखाद्या ठरलेल्या कृतीला जोडा. जेवणासोबतची असेल, तर डबी ताटाजवळच ठेवा. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागल्याचे आढळले आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. मात्र चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत.