‘प्रथिन-प्रतिस्थापन’ की ‘प्रथिन-पुनर्भरण’?

फोंड्याच्या एका शिक्षिका अत्यवस्थ रुग्णांना शिरेवाटे एखादे प्रथिन देऊन पाहणाऱ्या संशोधनावर मराठीत लेख लिहीत आहेत. ‘प्रोटीन रिप्लेसमेंट थेरपी’साठी सुचवला जाणारा ‘प्रतिस्थापन’ हा शब्द वापरावा की दुसरा शोधावा, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांची शंका रास्त आहे. प्रतिस्थापनात एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी बसवलेली असते. रेणूतील एका अणूची जागा दुसरा घेतो, तेथे हा शब्द चपखल आहे. झिजलेल्या गुडघ्यासाठी तर ‘बदलणे’ हे साधे क्रियापदही पुरते. येथे मात्र रुग्णाच्या शरीरातून काहीच काढलेले नसते. रक्तात मुळात असणारे प्रथिन आजारात खर्ची पडलेले किंवा रक्तवाहिन्यांतून पाझरून गेलेले असते आणि तेच बाहेरून पुन्हा भरले जाते. म्हणून मी ‘प्रथिन-पुनर्भरण’ सुचवेन. पावसाळा सरताच तळ गाठणाऱ्या विहिरींमुळे ‘विहीर पुनर्भरण’ आपल्या कानांवरून गेलेले आहेच. ‘भरपाई’ अधिक घरगुती आहे खरी, पण तिच्यापाठोपाठ ‘नुकसान’ आणि तलाठ्याचा पंचनामा येतो. ‘पूरक’ मात्र टाळावाच, कारण त्याने वाचकाच्या डोळ्यांपुढे व्यायामशाळेतला प्रोटीन पावडरचा डबा उभा राहील.

उदाहरण म्हणून ‘जेल्सोलिन’ घ्यावे. शब्दप्रेमींना ते आवडेल. १९७९ साली हेलन यिन आणि थॉमस स्टॉसेल यांनी वर्णिलेले हे प्रथिन पेशीतील घट्ट ‘जेल’चे पातळ ‘सोल’ करते, म्हणून त्याचे हे नाव. याचेच एक रूप रक्तद्रवात असते. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे ॲक्टिन हे तंतुमय प्रथिन ते निकामी करते. मोठी दुखापत, भाजणे किंवा जंतुदोष यांत त्याची पातळी खालावते. प्रयोगशाळेत बनवलेले मानवी जेल्सोलिन देऊन ही तूट भरावी, हा त्या संशोधनामागचा विचार आहे.

पण पातळी खालावली म्हणजे तेच आजाराचे कारण, असे ठरत नाही. ती आजाराची खूणही असू शकते. अत्यवस्थ रुग्णाच्या केशवाहिन्या गळक्या होतात आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उतरते, हे जुने निरीक्षण आहे. तरीही सुमारे ७,००० रुग्णांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेफ’ चाचणीत अल्ब्युमिन दिलेले आणि सलाइन दिलेले यांच्या २८ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. विहीर भरली तरी झिरपा चालूच राहतो, ही शक्यता ‘पुनर्भरण’ या शब्दात शिल्लक राहते. ‘प्रतिस्थापन’ म्हटले की काम फत्ते झाल्यासारखे वाटते.

बाईंनी आणखी एक विचारले आहे : ‘क्रिटिकली इल’साठी ‘मरणासन्न’ चालेल का? मुळीच नाही. त्या शब्दाने निकालच लावून टाकला जातो, आणि असे अनेक रुग्ण बरे होऊन घरी परततात. ‘चिंताजनक’ प्रकृती असते, माणूस नव्हे. ‘प्रकृती चिंताजनक असल्याने बांबोळीच्या रुग्णालयात हलवले’ हे वाक्य म्हणूनच निर्दोष आहे, पण त्या माणसाला विशेषण लावायचे तर ‘अत्यवस्थ’च हवे. लेखाचे शीर्षक ‘अत्यवस्थ रुग्णांसाठी प्रथिन-पुनर्भरण’ असे ठेवावे आणि त्याखालच्या पहिल्याच वाक्यात ते प्रथिन कोणते, हे नाव घेऊन सांगावे.